घाटातल्या पाषाणांचे दफ्तर

कर्जतहून राजमाचीच्या पायथ्याकडे निघाले म्हणजे उल्हास नदीच्या खोऱ्यात मौजे कोंडाणे लागते, आणि गावावरच्या रानातून चढून गेले की इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास ज्यात बौद्ध भिक्षूंसाठी चैत्य व विहार कोरले गेले, तो काळा कातळ समोर उभा राहतो. येथे येणारा रसिक चैत्याच्या कमानीचे आणि दर्शनी भागावरील नृत्यशिल्पांचे मनापासून कौतुक करतो, आणि कान्हाचा शिष्य बलक याचे नाव सांगणारा ब्राह्मी लेख पाहून त्याला धन्यता वाटते. परंतु हे सारे शिल्पवैभव ज्या पाषाणाने दोन हजार वर्षे तोलून धरले, तो पाषाण स्वतः कोठून आला, पृथ्वीच्या किती खोल उदरातून आला आणि वाटेत त्याने काय काय पोटात घेतले, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा उद्भवत नाही.

हा प्रश्न ज्यांनी आयुष्याचा व्यवसाय म्हणून पत्करला त्या भूरसायनशास्त्रज्ञांविषयी, आणि त्यांच्या कामाच्या साधनसामग्रीची आपण जी उपेक्षा चालविली आहे तिच्याविषयी, चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. आपल्या पायांखालील भूकवच सुमारे 35 ते 40 किलोमीटर जाडीचे आहे आणि त्याच्याखाली प्रावरण 2,900 किलोमीटर खोलीपर्यंत पसरलेले आहे. मनुष्याने आजवर पाडलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला येथील, 12,262 मीटरांवर थांबले. म्हणजे भारताच्या भूकवचाच्या जाडीच्या जेमतेम एक तृतीयांशाएवढ्या खोलीपर्यंतच आपला हात पोचला आहे. प्रावरणाची वार्ता कळावयाची ती मुख्यतः त्याच्या वितळलेल्या अंशातून, ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून. आणि सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी बाहेर पडलेला असा लाव्हा आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरांवर थरांवर थर रचून ज्या प्रदेशात उघडा पडला आहे, त्याचा मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात आहे.

नुसत्या डोळ्यांना हे थर एकासारखे एक दिसतात. घाटात फोडलेला बेसॉल्टाचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा, एक मूठभर दगड हाती घ्यावा: बाहेरून तपकिरी, गंजल्यासारखी साल, ती उडविली की आत काळाभोर, बारीक कणांचा गाभा, आणि क्वचित त्यात फेल्डस्पारचे पांढरे स्फटिक. हा दगड पायथ्याचा की माथ्याचा, हे अनुभवी मनुष्यालाही पाहून सांगणे कठीण जाते. तथापि त्याची भुकटी करून त्यातील टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम यांचे प्रमाण मोजले की थराथरांतील भेद स्पष्ट होतो. स्ट्रॉन्शियमचा दाखला मला विशेष मोलाचा वाटतो. रुबिडियम 87 या किरणोत्सर्गी समस्थानिकाचे अत्यंत संथ गतीने, सुमारे 4,900 कोटी वर्षांच्या अर्धायुष्याने, स्ट्रॉन्शियम 87 होते. भूकवचातील पुरातन ग्रॅनाइटात रुबिडियम मुबलक असल्याने तेथे स्ट्रॉन्शियम 87 साचत जाते आणि प्रावरणात ते अल्पच राहते. सबब, वर येताना लाव्ह्याने भूकवच किती पचविले याची रुजुवात 87 आणि 86 या दोन समस्थानिकांच्या गुणोत्तरावरून करता येते. आंबेनळी नावाच्या थरांत हे गुणोत्तर 0.704 च्या आसपास आहे, म्हणजे तो लाव्हा जवळजवळ निर्भेळ वर आला; त्यांच्या कितीतरी खालच्या बुशे थरांत ते 0.713 च्याही वर जाते, म्हणजे त्या लाव्ह्याने वाटेतला ग्रॅनाइट भरपूर गिळला. चौथ्या दशांश स्थळापर्यंत काळजीने काढलेल्या एका आकड्यात एवढा मोठा वृत्तांत सामावतो, याचे मला आजही नवल वाटते.

या कामाची परंपरा आपल्या दारातच घडली आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक के. व्ही. सुब्बाराव यांनी, अमेरिकेतील कोलंबिया नदीकाठचे बेसॉल्ट रसायनाच्या आधारे उलगडणारे पीटर हूपर यांच्यासह, सह्याद्रीच्या थरांची लावणी केली. बीन, टर्नर, हूपर, सुब्बाराव आणि वॉल्श यांचा त्यासंबंधीचा मोठा निबंध 1986 साली प्रसिद्ध झाला, आणि 1988 साली घाटाचा नकाशा व सुब्बारावांनी संपादिलेला दख्खनच्या बेसॉल्टांवरील ग्रंथ पुढे आला. त्याच्या आगेमागे महाबळेश्वरच्या थरांवर कॉक्स व हॉक्सवर्थ यांनी 1985 साली लिहिले, आणि महोनी यांनी समस्थानिकांचा अभ्यास वर्षानुवर्षे चालविला. या लावणीत नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा अशी जी नावे एकावर एक रचली आहेत, ती जगभरच्या प्रयोगशाळांत नित्य उच्चारली जातात. कर्जतच्या शाळेतील मुलाला मात्र ठाकूरवाडी हे घाटातले एक लहानसे रेल्वे स्थानक एवढेच ठाऊक असते.

या संशोधनाचा उपयोग काय, असा सवाल सरकारदरबारी व घरीदारीही केला जातो. खालापूर तालुक्यात 19 जुलै 2023 च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळून जी प्राणहानी झाली तिच्या स्मृतीने, कातळाची माती होण्याची रासायनिक क्रिया जाणणारी माणसे आपल्याला हवीत, हे कोणीही मान्य करील. परंतु प्रावरणाच्या अभ्यासाचे समर्थन मी या उपयोगावर उभारू इच्छीत नाही. आपण ज्या भूमीवर राहतो तिचा जन्मवृत्तांत जाणणे हे सुसंस्कृत समाजाचे कर्तव्यच आहे, आणि पुण्यात पेशवे दफ्तरातील मोडी कागद जपण्यासाठी जो समाज खर्च सोसतो त्याला हे पटवावे लागू नये.

आणि वृत्तांत अद्याप पुरा लागलेला नाही. डायनोसॉरांचा अंत या लाव्ह्यामुळे झाला की उल्कापाताने, या वादात लाव्ह्याचे वय निर्णायक ठरते. 2019 साली दोन संशोधकगटांनी एकाच नियतकालिकात कालनिर्णय मांडले. बहुतांश उद्रेक सुमारे दहा लाख वर्षांच्या आत आटोपला यावर त्यांचे मतैक्य झाले. परंतु एकाच्या मते उद्रेकाचा एक प्रचंड लोट संहारापूर्वी थोडाच काळ आला, तर मुंबई आय.आय.टी.चे कांचन पांडे ज्यात सहभागी होते त्या दुसऱ्याच्या मते बहुतेक लाव्हा संहारानंतर बाहेर पडला. पहिल्या गटाने थरांमधल्या तांबड्या मातीत सापडलेल्या झिर्कॉनच्या कणांवर भिस्त ठेवली होती, दुसऱ्याने बेसॉल्टातील आर्गॉनवर. असे मतभेद वक्तृत्वाने मिटत नाहीत. त्यांना आणखी नमुने लागतात, आणि तेही ज्यांचे ठिकाण व उंची चोख नोंदलेली आहे असे.

नेमक्या याच बाबतीत आपल्याकडून अक्षम्य हयगय होत आहे असे माझे मत आहे. 1863 साली बोरघाटातून आगगाडी गेली तेव्हापासून या डोंगरांना आपण भोके पाडीत आलो. अलीकडे पनवेल-कर्जत लोहमार्गासाठी वावर्ले येथे अडीच किलोमीटरांहून लांब बोगदा खणला गेला, आणि द्रुतगती मार्गाच्या खोपोली ते कुसगाव या नव्या जोडरस्त्यासाठी सुमारे नऊ किलोमीटरांचा. झाडी, गाळ आणि झिजेची साल यांनी झाकलेल्या घाटात भूरसायनशास्त्रज्ञाला जो ताजा, सलग छेद जन्मभर हिंडूनही मिळत नाही, तो अशा बोगद्यात आपोआप उघडा होतो आणि काँक्रीटचे अस्तर चढताच कायमचा बुजतो. खोदकामापूर्वी विंधन करून काढलेले कातळाचे गोल गाभे तेवढे मागे उरतात. किल्लारी येथे 338 मीटर आणि कोयनेजवळ 932.5 मीटर बेसॉल्ट भेदून वेधन खालच्या ग्रॅनाइटात शिरले, तेव्हा लाव्ह्याने गिळला त्यासारखा कातळ हाती लागला. पण ती वेधने तेथील भूकंपांनंतर संशोधनासाठीच झाली, म्हणून त्यांचे गाभे अभ्यासकांना मिळाले. रस्ते, धरणे व लोहमार्ग यांच्या कामातील गाभ्यांवर असा हक्क सांगणारा कोणी नसतो.

यास फार मोठी तजवीज लागत नाही. सार्वजनिक पैशाने होणाऱ्या प्रत्येक बोगद्याच्या व धरणाच्या निविदेत, काम पुरे होताच गाभ्यांच्या पेट्या मोडीत न काढता शासनाच्या स्वाधीन कराव्यात, असे एक कलम घालावे. अस्तर चढण्यापूर्वी विद्यापीठांच्या अभ्यासकांना आत जाऊन ठरावीक अंतरावर नमुने घेण्याची लेखी परवानगी त्याच कलमाने द्यावी. आणि कर्जत किंवा खोपोली येथे एक कोरडी, हवेशीर वखार बांधून तेथे प्रत्येक पेटीवर ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, खोली व तारीख नोंदविणारा एक प्रशिक्षित दफ्तरदार नेमावा. त्याच्या वेतनाची तरतूद जोडरस्त्याच्या टोल-उत्पन्नातून करता येईल, आणि नऊ किलोमीटरांच्या त्या बोगद्याचे जे गाभे आज कोठे ना कोठे शिल्लक असतील त्यांच्यापासूनच आरंभ करावा.