पिशवीतल्या पेशी

टाइप वन डायबेटिसवरचा हा उपाय म्हणजे चक्क फायरवॉल! इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी बारीक छिद्रांच्या पिशवीत घालून शरीरात बसवायच्या. साखर आत, इन्सुलिन बाहेर, प्रतिकारशक्तीला नो एन्ट्री. १९८० साली उंदरांवर जमलंही होतं. माणसाचं शरीर मात्र पिशवीभोवती जाड आवरण विणतं आणि आतल्या पेशी ऑक्सिजनवाचून गुदमरतात.

पुरेसं इन्सुलिन बनेना म्हणून व्हर्टेक्स कंपनीने २०२५ मध्ये आपली पिशवी गुंडाळली. त्यांच्याच, पिशवीविना दिलेल्या पेशींनी १२ पैकी १० जणांची इन्सुलिनची इंजेक्शनं वर्षभरात सुटली. मग पिशवी हवीच कशाला? अहो, त्या सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. आठ वर्षांच्या पोराला ती जन्मभर द्यायची? मला तरी हा सौदा महाग वाटतो. पैसा पिशवीवरच लागायला हवा.