आन्या आणि कुत्रा

पोलिश भाषेतलं एक साधं वाक्य घ्या. 'आन्या इ प्येस पोश्ली ना स्पात्सेर.' आन्या आणि कुत्रा फिरायला गेले. शाळकरी पोराच्या वहीत शोभावं इतकं साधं. पण त्यातलं क्रियापद जरा थांबून पाहायला हवं.

आन्या मैत्रिणीबरोबर गेली असती, तर क्रियापद झालं असतं 'पोश्वी'. बायका गेल्या, तरी 'पोश्वी'च. नुसते कुत्रे गेले, पोरं गेली, पत्रं गेली, तरी तेच. 'पोश्ली' हे रूप पुरुषांसाठी राखलेलं आहे. त्या बायकांत एक पुरुष मिसळला, की सगळ्या घोळक्याचं क्रियापद बदलतं. पोलिशमध्ये एकवचनात पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग अशी तीन लिंगं आहेत. अनेकवचनात क्रियापदापुढे उरतात दोन गट. एक 'पुरुष-व्यक्तीं'चा. दुसरा 'पुरुष-व्यक्ती नसलेल्यां'चा. ही नावं कुणा टीकाकाराने चिकटवलेली नाहीत. पोलिश व्याकरणाच्या पुस्तकांत ती अशीच छापलेली असतात.

मग आन्या आणि कुत्रा या जोडीला 'पोश्ली' कसं मिळालं? दोघांत पुरुष एकही नाही. अशा वाक्यात 'पोश्वी'ही चालतं. पण 'पोश्ली' ही चूक नव्हे. ते शुद्ध पोलिश आहे. कारण त्या रूपाला दोन गोष्टी लागतात : माणूसपण आणि पुल्लिंग. त्या एकाच्याच अंगी असाव्यात, अशी अट नाही. माणूसपण आन्याने आणलं. पुल्लिंग कुत्र्याने आणलं. बेरीज पुरी झाली. कुत्र्याच्या जागी कुत्री ठेवा, बेरीज मोडते आणि वाक्य मुकाट 'पोश्वी'वर येतं. आन्या एकटीने किंवा तिच्यासारख्या हजारजणींनी मिळून जे रूप मिळवू शकत नाहीत, ते कुत्रा सोबत आला की मिळतं.

अशा वेळी एक उत्तर तयार असतं. व्याकरणातलं लिंग म्हणजे नुसती खूण. तिचा खऱ्या बाईपुरुषाशी संबंध नाही. पोलिशमध्ये टेबल पुल्लिंगी म्हणून ते पुरुष होत नाही. हे उत्तर पुष्कळ ठिकाणी खरं आहे. इथे नाही. इथे व्याकरण शब्दाचा शेवट पाहून गप्प बसत नाही. जाणारा माणूस आहे का, हे ते विचारतं. म्हणजे ते अर्थ पाहतं. आणि एकदा अर्थ पाहिला, की 'आम्ही अर्थात पडत नाही' असं त्याच्या वतीने सांगता येत नाही.

शंका उरली असेल, तर दुसरं वाक्य घ्या. विद्यार्थी गेले : 'स्तुदेंची पोश्ली.' आता बोलणाऱ्याला त्या विद्यार्थ्यांचा पाणउतारा करायचा आहे. शिवी द्यायची गरज नाही. तो म्हणतो, 'स्तुदेंती पोश्वी.' शब्द तोच, माणसं तीच. फक्त त्यांना पहिल्या गटातून उचलून दुसऱ्या गटात टाकलं. प्राध्यापकांचं, डॉक्टरांचं असंच करता येतं. पोलिश व्याकरणकारांनी या रूपाला रीतसर नाव दिलेलं आहे : अवमानदर्शक रूप. पुरुषाला खाली उतरवायचं तर त्याला बायका, कुत्रे आणि वस्तूंच्या रांगेत उभं करायचं. दोन्ही गट सारख्या मानाचे असते, तर ही बदली अपमान ठरलीच नसती.

हे अटळ होतं, असंही नाही. जुन्या पोलिशमध्ये अनेकवचनातही तीन लिंगं होती. आजची विभागणी शतकांच्या ओघात हळूहळू रुळली. बहिणी-भाषांनी वेगळ्या वाटा धरल्या. रशियनने अनेकवचनात लिंगाचा भेदच सोडला. गेले, गेल्या, गेली, सगळ्यांना एकच रूप. चेकने पुल्लिंगी सजीवांभोवती रेघ ओढली आणि कुत्र्यांनाही पुरुषांच्या बाजूला घेतलं. पोलिशने ती रेघ पुरुषाच्या पायाशी आणली. आपल्या मराठीने तर बाई आणि पुरुष एकत्र आले की 'ती दोघं आली' म्हणत नपुंसकलिंगाचा आसरा घेतला. 'माणसं आली' हे रूपही तिथलंच. अलीकडे आपण त्या जागी सर्रास 'ते दोघे आले' म्हणू लागलो आहोत, ही आपणही लक्ष ठेवावी अशी गोष्ट.

पोलिश प्रत्यय आता बदलून टाका, असा याचा अर्थ नाही. कोट्यवधी लोकांच्या जिभेवर बसलेलं क्रियापद ठराव करून बदलत नाही. ते वापरणारा माणूस त्यामुळे दोषी ठरत नाही. आन्याची आईसुद्धा तेच रूप वापरते. प्रश्न त्या रूपाचा नाही. त्याच्या आडून दिल्या जाणाऱ्या उत्तराचा आहे. 2012 मध्ये पोलंडच्या क्रीडामंत्री योआन्ना मुखा यांनी आपल्याला 'मिनिस्त्रा' म्हणावं, असं सांगितलं. पदनामाचं स्त्रीलिंगी रूप, इतकीच ती मागणी. तिची यथेच्छ टिंगल झाली. भाषा बिघडते, व्याकरणाला राजकारणात ओढू नका, असा सूर लागला. पुढे 2019 मध्ये पोलिश भाषा परिषदेने अशी रूपं वापरायची की नाही, हे बोलणाऱ्यांवर सोडावं, अशी भूमिका घेतली. तो शहाणपणा होता.

भाषेने ही उतरंड कुणा एकाच्या हुकमाने रचली नाही, हे मान्य. पण हेतू नव्हता म्हणून अर्थही नाही, असं होत नाही. ज्या व्याकरणात माणूस आणि पुरुष या दोन गोष्टी मोजून क्रियापद ठरतं, त्या व्याकरणाचा दाखला देऊन एखाद्या बाईला 'हे तर नुसतं व्याकरण आहे' असं सांगता येत नाही. तिने आपल्या पदाला आपलं रूप मागितलं, तर ते द्यावं. तिच्या मागणीने व्याकरणात राजकारण येत नाही. माणसांच्या प्रतवारीचं राजकारण त्या क्रियापदात आधीपासूनच आहे.