बोगस डॉक्टर पकडला, पुढं काय?

आवणीचे दिवस आहेत असं समजा. दिवसभर खाचरात उभं राहून अंगात कणकण भरली आणि रात्री ताप चढला. सूर्यमाळच्या एखाद्या पाड्यावर अशा वेळी आपण काय करतो? खोडाळ्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं तर गाडी पाहिजे आणि वरून पाऊस कोसळतोय. मग कोणी तरी म्हणतं, ‘अमक्याला बोलवा, तो लगेच येतो.’ तो मोटारसायकलवर बॅग लटकवून येतो, सुई टोचतो, सलाईन लावतो आणि पैसे भात निघाल्यावर द्या म्हणतो. सकाळी ताप उतरलेला असतो. त्याची पदवी कोणती, हे विचारायचं कोणाच्या ध्यानातही येत नाही.

शेतकरी बंधूंनो, इथंच गफलत होते. अशा बॅगेत बहुधा स्टेरॉईड असतं. त्यानं ताप आणि अंगदुखी तात्पुरती दबते, पण हिवताप किंवा टायफॉईड आतल्या आत वाढत राहतो. रक्ताची तपासणी न झाल्यामुळे खरा आजार कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्यात एकच सुई अनेकांना वापरली तर काय होतं, ते उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात २०१८ साली दिसलं. तिथं बांगरमऊ भागात फिरत्या बिनपदवीच्या डॉक्टरनं तीच ती सुई वापरल्यामुळे अनेक गावकऱ्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं.

कायदा नाही असं नव्हे. महाराष्ट्रात १९६१ चा वैद्यक व्यवसायी अधिनियम आहे. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं त्याच्या कलम ३३ खाली गुन्हा आहे. केंद्राच्या १९५६ च्या जुन्या कायद्यात अशा माणसाला एक वर्षापर्यंत कैद किंवा फक्त हजार रुपये दंड होता. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानं दंडाची मर्यादा पाच लाखांवर नेली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बोगस डॉक्टर शोध समिती असते, तालुक्यातही समिती असते. मग दुकानं चालतात कशी?

कारण पहिलं. धाड पडते तेव्हा औषधं जप्त होतात, पण साक्ष द्यायला कोणी पुढं येत नाही. रात्री-अपरात्री धावून येणाऱ्याविरुद्ध कोण बोलणार? पुराव्याअभावी खटला ढिला पडतो आणि तोच माणूस दुसऱ्या पाड्यावर बॅग उघडतो. कारण दुसरं. राज्याचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी आहे. एका खोलीतला, रुग्ण तपासून घरी पाठवणारा दवाखाना त्यात येत नाही. तिसरं कारण सर्वांत मोठं. त्याची जागा घ्यायला सरकारी माणूस तिथं नसतो.

वावर-वांगणीचे १९९२ चे बालमृत्यू जव्हार तालुका विसरलेला नाही. त्यानंतर तीस वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, मोखाड्यातल्या बोटोशी ग्रामपंचायतीच्या मरकटवाडीत एका मातेची जुळी बाळं जन्मताच दगावली. रस्ता नसल्यानं तिला झोळीतून न्यावं लागलं. अशा ठिकाणी नुसती धाड घालून भागत नाही. बोगस डॉक्टर ही रोगाची खूण आहे, मूळ रोग आरोग्यसेवेच्या अभावाचा आहे.

मग त्यालाच शिकवून कामाला लावावं का? पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात हा प्रयोग झाला आणि त्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकवल्यावर त्यांचे उपचार सुधारले, पण विनाकारण औषधं देण्याची सवय सुटली नाही. म्हणजे प्रशिक्षण हा पुरा इलाज नव्हे.

एक खबरदारीही घ्या. बीएएमएस झालेल्या डॉक्टरला सरसकट बोगस म्हणू नका. आदिवासी भागातली कितीतरी सरकारी केंद्रं त्यांच्याच जिवावर चालतात. पण पदवी असली म्हणजे सगळंच माफ, असंही नाही. मुंबईतल्या पूनम वर्मा यांच्या पतीला होमिओपॅथी शिकलेल्या डॉक्टरनं टायफॉईडवर अॅलोपॅथीची औषधं दिली आणि ते दगावले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा निष्काळजीपणा ठरवून तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. जे शास्त्र शिकला नाही त्याची औषधं देणं भोंदूगिरीच आहे, असा त्या निकालाचा अर्थ.

आता करायचं काय? सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी दवाखान्यात जाऊन नोंदणी प्रमाणपत्र मागावं. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणं आणि चिठ्ठीवर लिहिणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. अॅलोपॅथीसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद, आयुर्वेद व युनानीसाठी भारतीय चिकित्सा परिषद आणि होमिओपॅथीसाठी वेगळी परिषद आहे. क्रमांक तिथं पडताळता येतो. संशय आला तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला लेखी कळवून पोच घ्यावी. चिठ्ठ्या आणि रिकाम्या बाटल्या फेकू नयेत, कारण तोच पुरावा असतो.

पण तेवढ्यावर थांबू नका. मोखाडा आणि जव्हार हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यानं सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतींना दिला आहे. तेव्हा ग्रामसभेत एकाच दिवशी दोन कागद मागा. बाहेरून येणाऱ्या डॉक्टरचं प्रमाणपत्र हा एक, आणि आपल्या उपकेंद्राचं हजेरीपत्रक हा दुसरा. पहिल्या कागदानं बोगस माणूस जाईल. तो परत येऊ नये, ही सोय दुसऱ्या कागदानंच होणार आहे.