एका रुळावरची गाडी

बालमित्रांनो, आगगाडीला रूळ किती? तुम्ही म्हणाल, "दोन! हा काय प्रश्न झाला?" थांबा हं. सुटीत दिल्लीला गेलात, तर चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जरूर जा. तिथं चक्क एका रुळावर चालणारं वाफेचं इंजिन आहे!

ही पतियाळा संस्थानची गाडी, १९०७ सालची. तिचे डबे कधी खेचरं ओढायची, तर कधी वाफेची इंजिनं. मग ती कलंडत कशी नसे? जरा वाकून चाकं पाहा. छोटी चाकं रुळावर आणि बाजूचं एक मोठ्ठं चाक थेट रस्त्यावर. बहुतेक भार रूळ पेलतो, मोठं चाक तोल सांभाळतं. रूळ एकच, म्हणून खर्च कमी. शिवाय लोखंडी रुळावर चाक सहज फिरतं, त्यामुळे खेचरांचे कष्टही कमी.

पुढे मोटारी आल्या आणि १९२७ मध्ये ही गाडी बंद झाली. इंजिन भंगारात पडून राहिलं. ते वितळवलं असतं, तर अशी गाडी होती हे आज कुणाला खरंही वाटलं नसतं! पण १९६२ मध्ये ते एका जाणकाराच्या नजरेस पडलं. पुढे अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात दुरुस्त होऊन ते पुन्हा धावलं.

म्हणून संग्रहालयात नुसते फोटो काढून पळू नका. थांबा, निरखा, विचारा. आणि हो, घरातली एखादी जुनी वस्तू भंगारवाल्याकडे निघाली असेल, तर आधी आजी-आजोबांना विचारा, "ही कशी चालायची हो?" उत्तर वहीत लिहून ठेवा बरं का!