खाडा आणि खोकला

गेल्या पावसाळ्यात एकाच घरातील तिघे लागोपाठ माझ्या दवाखान्यात आले. आधी दहा महिन्यांचे बाळ, मग त्याची बहात्तर वर्षांची आजी, आणि सर्वांत शेवटी बाळाला सांभाळणाऱ्या मावशी. आजाराचा क्रम मात्र नेमका उलटा होता. मावशींनी चार दिवस ताप अंगावर काढला होता. "आधी का नाही आलात?" असे विचारले, तेव्हा त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, एका खाड्याचे सहाशे जातात." बाळ लवकर सावरले. आजींना मात्र न्यूमोनिया झाला आणि त्या नऊ दिवस रुग्णालयात होत्या.

वाचकहो, मावशींचा पगार हा घरातला हिशेब, त्यात डॉक्टरांनी का पडावे, असे आपणांस वाटेल. परंतु फ्लू झालेली व्यक्ती लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे ५ ते ७ दिवस संसर्ग पसरवू शकते, आणि बाळाला कडेवर घेणारी व्यक्ती त्याच्यापासून वीतभर अंतरावर असते. खाड्याचे पैसे कापण्याची पद्धत म्हणजे आजारी असतानाही कामावर येण्याचे आमंत्रणच होय.

म्हणून पगार रोजावर नव्हे, महिन्यावर ठरवावा. आठवड्याची सुट्टी धरून १८,००० रुपये ठरले असतील, तर तापाच्या तीन दिवसांचे १,८०० रुपये कापू नयेत. आजारपणाची भरपगारी रजा आणि घरच्या कामासाठीची रजा या दोन्ही वेगळ्या ठेवाव्यात. घरकामाची रजा उरली, तर दिवाळीला तिचे पैसे जरूर द्यावेत. आजारपणाच्या रजेचे देऊ नयेत, अन्यथा ती वाचवण्यासाठी मावशी पुन्हा तापातच येतील. पूर्ण हजेरीचे बक्षीसही याच कारणासाठी मला पसंत नाही. "रजा दिली की घेतातच" ही तक्रार मी नेहमी ऐकतो. काही जणी घेतीलही. पण रुग्णालयाच्या बिलाशेजारी तो खर्च मांडून पाहावा. आपण गावाला गेलो म्हणून त्यांचे पैसे कापणे तर मुळीच योग्य नव्हे.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी रात्रीचा प्रश्न येतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, तर तो जागरणाचा मोबदला निराळा ठरवावा आणि दिवसा झोपेची वेळ द्यावी. झोप न झालेल्या हातांनी वृद्धाला उठवताना दोघेही पडतात. मावशी ब्युरोतर्फे आल्या असतील, तर आपण दिलेल्या रकमेतील किती त्यांच्या हाती पडते, हे त्यांनाच विचारावे.

हे सारे पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहावे. उचल दिल्यास ती दरमहा किती फेडायची, तेही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. त्याखालील नोंदणीसाठी त्यांना अर्धा दिवस मोकळा द्यावा, अर्थात पगारासह.

आणि एक खर्च आपल्याच खात्यावर घ्यावा: फ्लूची लस, दरवर्षी. आजी-आजोबांना ती देण्यासाठी याल, तेव्हा मावशींनाही सोबत आणा.