फळीची पहिली बाजू

गुळगुळीत फळी आणि सपाट फळी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे गेल्या हिवाळ्यापर्यंत मला ठाऊक नव्हते. ज्या फळीवरून हात फिरवला असता कूस लागत नाही ती चांगली रंधलेली फळी, अशीच माझी समजूत होती. ही समजूत मला दीड सूत सागाला पडली, आणि आमच्या घरी येणारे पुस्तकांचे कपाट त्यामुळे जवळजवळ हातचे गेले होते.

चिपळूणजवळच्या आमच्या जुन्या घराचा माळा उतरवला, तेव्हा त्यातील चार सागाच्या फळ्या वाट्याला आल्या आणि ऐन पावसाळ्यात मालमोटारीने दिल्लीला पोहोचल्या. प्रत्येक फळी पाच फूट लांब, नऊ इंच रुंद आणि दहा सूत, म्हणजे सव्वा इंच जाड. कोकणातील दमट हवेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले लाकूड दिल्लीच्या कोरड्या हवेत आले की आतले पाणी सोडू लागते, आणि पाणी सोडताना ते सगळीकडे सारखे आकसत नाही. लांबीत आकुंचन जवळजवळ नाहीच. परंतु खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने ते जेवढे होते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने होते. त्यामुळे ओंडक्याच्या कडेकडून कापलेली फळी वाळताना सालीच्या बाजूस बशीसारखी खोलगट होते. साग या बाबतीत फार सभ्य वृक्ष आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेने भारतीय लाकडांच्या गुणांची तुलना करताना सागाला शंभर गुण देऊन इतरांचे मोजमाप त्यावरून केले, आणि त्या गुणांत आकार टिकवण्याचा गुणही आहे. तरीसुद्धा आमच्या फळ्यांपैकी दोन बशीसारख्या झाल्या होत्या, एकीला लांबीत बाक आला होता आणि चौथीला पीळ पडला होता.

मी त्या तीन महिने घरातच, मध्ये पट्ट्या घालून, एकावर एक रचून ठेवल्या. तेवढे एक काम मी बरोबर केले. त्यानंतर घराजवळच्या एका दुकानात नेल्या. तेथील मुलाने त्या लगेच थिकनेसर नावाच्या यंत्रातून काढून दिल्या. या यंत्रात फळी एकीकडून घातली की रूळ तिला आत ओढतात, वरून पाती फिरतात, आणि दुसरीकडून ती एकसारख्या जाडीची होऊन बाहेर येते. फळ्या आरशासारख्या झाल्या. घरी आणून फरशीवर ठेवल्या, तर बशी ती बशीच राहिली होती आणि पीळही तसाच होता. फक्त जाडी साडेआठ सूत झाली होती.

याचे कारण मला दुसऱ्या एका कारखान्यातील मिस्त्रींनी समजावून दिले. हे गृहस्थ सहारनपूरकडचे, वय साठीच्या पुढे. त्यांनी फळी हातात घेऊन दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवली, एक डोळा मिटला, आणि पट्ट्यांच्या वरच्या कडा एका रेषेत येतात का ते पाहिले. आल्या नाहीत, दोन सुतांचा फरक होता. थिकनेसरचे रूळ फळीला दाबून धरतात, ते म्हणाले. दाबले असता वाकडी फळी तेवढ्यापुरती सरळ होते, पाती तिच्यावरून फिरतात, आणि रुळांतून सुटताच ती पुन्हा उसळून आपल्या मूळ वळणावर जाते. शिवाय हे यंत्र वरची बाजू खालच्या बाजूच्या मापाने करते. खालची बाजू वाकडी असेल, तर वरचीही तितक्याच इमानाने वाकडी होणार. तेव्हा एक तरी बाजू आधी सपाट असली पाहिजे, आणि ती पहिली बाजू थिकनेसर देऊ शकत नाही.

ती देते जॉइंटर. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याचा अनुवादकाचा मोह मी आवरला आहे, कारण कारखान्यातील सर्वजण त्याला नुसते ‘रंधा मशीन’ म्हणतात आणि त्यांचे काही अडत नाही. मात्र मूळ नाव सार्थ आहे. दोन फळ्यांच्या कडा एकमेकींना बेमालूम जुळाव्यात, सांधा दिसू नये, यासाठी त्या तयार करणारे ते साधन. हाताच्या रंध्यांतही जो सर्वांत लांब, बावीस-चोवीस इंचांचा, त्याला इंग्रजीत हेच नाव आहे. आखूड रंधा फळीच्या खळग्यात उतरतो आणि खळगाही गुळगुळीत करतो; लांब रंधा ओढ्यावरील साकवासारखा खळग्यावरून पार जातो आणि फक्त उंचवटे कापतो. जॉइंटर म्हणजे उलटा करून, पाते वर ठेवून बसवलेला लांब रंधाच होय. फरक एवढाच की येथे रंधा स्थिर असतो व फळी चालते.

त्याची रचना पाहिली की सगळा उलगडा होतो. एका रेषेत दोन लोखंडी टेबले असतात. त्यांच्या मधल्या फटीत एक दंडगोल फिरतो आणि त्यात तीन-चार पाती बसवलेली असतात. पलीकडचे टेबल पात्यांच्या सर्वांत उंच बिंदूशी अगदी समपातळीत असते. अलीकडचे किंचित खाली. हे ‘किंचित’ जितके, तितकी फळी एका फेरीत कापली जाते. मिस्त्री पाव सुतापेक्षा अधिक ठेवत नसत. कापलेला भाग पलीकडच्या टेबलावर बरोबर टेकतो, आणि तेथून पुढे तोच बाकीच्या फळीला वाट दाखवतो. पलीकडचे टेबल केसभर जरी खाली असले, तर फळीचे शेपूट शेवटी पात्यावर पडून तेथे खड्डा पडतो; वर असले, तर फळी त्याच्या कडेला अडते. दंडगोल मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल व पाती तीन असतील, तर मिनिटाला पंधरा हजार घाव पडतात. तेवढ्या वेळात पाच मीटर फळी पुढे सरकवली, तर दोन घावांतील अंतर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे भरते. घाई केली की हेच अंतर वाढते आणि फळीवर लाटा उमटतात.

फळी ठेवायची ती खोलगट बाजू खाली करून. अशी फळी दोन कडांवर चौरंगासारखी स्थिर बसते. फुगीर बाजू खाली ठेवली, तर ती पाळण्यासारखी हलते आणि प्रत्येक फेरीत वेगळीच कापली जाते. पिळाच्या फळीचे काम सर्वांत नाजूक, कारण ती समोरासमोरच्या दोनच कोपऱ्यांवर टेकते. ती डावीकडे न उजवीकडे अशी मध्येच तोलून धरावी लागते, म्हणजे दोन्ही कोपरे सारखे झिजतात. एकाच कोपऱ्यावर कलली, तर त्या ठिकाणी दुप्पट लाकूड जाते. दाब आरंभी अलीकडच्या टेबलावर, मग हळूहळू पलीकडच्या टेबलावर न्यावयाचा. आणि दाब म्हणजे पुढे सरकवण्यापुरता. बाक दाबून सपाट करू गेलो, तर थिकनेसरचीच चूक आपल्या हातांनी केल्यासारखे होते.

लाकडाच्या शिरेचाही विचार करावा लागतो. फळीच्या कडेवरच्या रेषा पाहाव्यात. त्या मागच्या टोकाकडे खाली उतरत असतील, तर ठीक. पाते पुढून मागे जाते, म्हणून हे मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवण्यासारखे आहे. उलटी शीर असली की पाते लाकूड कापण्याऐवजी उचकटते. जुन्या फळीची आणखी एक तपासणी आहे, ती मोडलेल्या खिळ्यांची. मिस्त्रींनी चारही फळ्यांवरून लोहचुंबक फिरवले आणि सात खिळे काढले. घराजवळच्या दुकानात हे कोणी पाहिले नव्हते. पाती वाचली ती योगायोगाने.

एक बाजू सपाट झाली की ती उभ्या आधारपट्टीला टेकवून कड रंधायची. ही पट्टी टेबलाशी काटकोनात आहे की नाही, ते आधी गुण्या लावून पाहावे. येथे मिस्त्रींनी एक युक्ती सांगितली, ती मला फार आवडली. दोन फळ्या जोडून रुंद पत्रा करायचा असेल, तर एका फळीची चांगली बाजू पट्टीकडे आणि दुसरीची पट्टीपासून दूर, अशा कडा रंधाव्यात. मग पट्टी अंशभर चुकलेली असली, तरी एक कड ८९ अंशांची व दुसरी ९१ अंशांची होईल. दोहोंची बेरीज १८० आणि जोडलेला पत्रा सपाट. यानंतर सपाट बाजू खाली ठेवून फळी थिकनेसरमध्ये घालावी, आणि चौथी कड करवतीने समांतर कापावी. दुसरी बाजूही जॉइंटरवरच करू नये. ती सपाट होईल, पण पहिलीशी समांतर होईलच असे नाही, आणि फळीची पाचर बनेल.

आमच्या पिळलेल्या फळीची जाडी शेवटी सव्वासहा सूत राहिली. कपाटाला सहा सूत हवी होती. पहिल्या दुकानात आणखी एकदा फळ्या घातल्या असत्या, तर कपाटाच्या जागी आज काय असते ते सांगायला नको.

एका फळीचे टोक चिरलेले होते म्हणून ते कापले. चिरलेला भाग काढून टाकल्यावर वीतभर लांबीचा चांगला तुकडा उरला, आणि मुलीच्या अभ्यासाच्या मेजावर पुस्तके टेकवण्यास तो उपयोगी पडेल असे मला वाटले. यंत्र चालूच होते. मी तो तुकडा मिस्त्रींच्या हातात देऊ लागले आणि तेवढा जाता जाता करून द्या म्हणाले. त्यांनी उत्तर दिले नाही. बटण बंद केले, दंडगोल पूर्ण थांबेपर्यंत उभे राहिले आणि मग डावा हात माझ्यापुढे धरला. मधली दोन बोटे पहिल्या पेरावर संपली होती. इतका वेळ मी त्यांचे काम पाहत होते, आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते.

एवढाच तुकडा होता, ते म्हणाले. तरुणपणी पाच माणसांच्या एका दुकानात ते कामाला होते, आणि यंत्राचे झाकण अडचण होते म्हणून काढून कोपऱ्यात ठेवलेले होते. आखूड तुकडा दोन टेबलांमधील फटीवर येताच कलंडतो, पाते त्याला धरून मागे फेकते, आणि वरून दाबणारा हात, खालचा आधार नाहीसा झाल्यामुळे, त्याच्या जागी उतरतो. विचार करण्यास वेळच मिळत नाही. म्हणूनच फूटभरापेक्षा आखूड तुकडा यंत्रावर घ्यावयाचा नाही. बाजू रंधताना मुठीचे लाकडी ठोकळे वापरावयाचे, तळहात पात्यावरून न्यावयाचा नाही. सैल बाह्या नकोत, हातमोजेही नकोत, कारण यंत्र मोज्यासकट बोट ओढते. माझा पदर मी खोचलेला आहे की नाही हे त्यांनी आत येतानाच पाहिले होते.

या यंत्राचा इतिहासच थोडासा बोटांचा इतिहास आहे. लाकूड रंधण्याच्या यंत्रांचे पेटंट इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथम यांनी १७९१ व १७९३ साली घेतले. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ यांचे १८२८ सालचे. पुढे हाताने फळी सरकवण्याची यंत्रे आली, त्यांत पाती चौकोनी दांड्यावर बसवलेली असत. चौकोनाच्या सपाट बाजूंमुळे टेबलांमधील फट खोल राही, आणि आत गेलेला हात पुरता जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी गोल दांडा प्रचारात आला. त्यात फट भरून निघते व इजा झालीच तर उथळ होते. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याखाली राज्यांनी जे नियम केले, त्यांत हाताने चालवावयाच्या रंधायंत्रास गोल दांडा आणि फट पूर्णपणे झाकणारे, वर-खाली व मागे-पुढे सरकणारे झाकण असलेच पाहिजे, अशी अट होती. परंतु विजेवर चालणाऱ्या जागी किमान दहा कामगार असले, तरच तिला त्या कायद्याने कारखाना मानले होते. मिस्त्रींचे दुकान पाच जणांचे होते.

माझा तुकडा त्यांनी फेकला नाही. बाकावर एका अडणीला टेकवला, भिंतीवरचा रंधा उतरवला, पात्याची धार अंगठ्याच्या नखावर पाहिली आणि हातानेच रंधू लागले. काम दहा मिनिटांचे झाले. त्याचे पैसे त्यांनी बिलात धरले नव्हते. मी विचारले तेव्हा यंत्र लावलेच नाही, असे उत्तर मिळाले.