गादी हिरवी, पण किती टक्के?

‘कार्बन डायऑक्साइडपासून बनवलेली गादी’ असं कुणी विकायला आलं, तर किंमत नंतर विचारा. आधी विचारा, किती टक्के?

जर्मनीत कोलोनजवळ, ऱ्हाईनच्या काठी डोरमागेन आहे. तिथे कोवेस्ट्रो कंपनीने २०१६ साली एक प्रकल्प सुरू केला. शेजारच्या अमोनियाच्या कारखान्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड घ्यायचा आणि पॉलिऑलमध्ये बांधायचा. पॉलिऑल हा फोमच्या दोन मुख्य कच्च्या मालांपैकी एक. अशा आळशी रेणूला कामाला लावणं सोपं नाही, त्याबद्दल सलाम. पण पॉलिऑलमध्ये या वायूचा वाटा फार तर २० टक्के. दुसरा कच्चा माल मिसळला की तयार फोममध्ये तो आणखी घटतो. प्रकल्पाची क्षमता वर्षाला सुमारे ५,००० टन.

त्याच डोरमागेनमध्ये तो दुसरा कच्चा माल, टीडीआय, बनतो. क्षमता ३ लाख टन.

टीडीआय बनतो फॉस्जीनपासून. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला, तोच हा वायू. १९८४ साली भोपाळमध्ये सुटलेला मिथाइल आयसोसायनेट टीडीआयच्याच कुळातला, आणि तोही फॉस्जीनपासूनच बनायचा. हिरव्या गादीच्या जाहिरातीत या भावाचं नावसुद्धा निघत नाही.

आणि गंमत बघा, खरी सुधारणा याच बदनाम भावाकडे झालीये. फॉस्जीनची अभिक्रिया द्रावणात न करता वायुरूपात करायची, ही पद्धत डोरमागेनमध्ये २०१४ पासून मोठ्या प्रमाणावर चालते. कंपनीच्या म्हणण्यानुसार त्यात ६० टक्क्यांपर्यंत ऊर्जा आणि ८० टक्क्यांपर्यंत द्रावक वाचतं. फॉस्जीनला क्लोरीन लागतो आणि क्लोरीनला प्रचंड वीज. नव्या प्रकारचा कॅथोड बसवला की त्यातली पाव वीज वाचू शकते. पण कॅथोडचा फोटो काढून इन्स्टावर कोण टाकणार? त्यापेक्षा गादीवर हिरवं पान छापलेलं बरं दिसतं.

सगळ्यात मोठी चलाखी ‘मास बॅलन्स’ची. वनस्पतीजन्य आणि खनिज कच्चा माल एकाच यंत्रणेत ओततात आणि हिरवेपणा कागदावर हव्या त्या मालाच्या नावे टाकतात. दूधवाल्याने गाई-म्हशीचं दूध एकाच कॅनमध्ये ओतावं आणि जास्त पैसे देणाऱ्याच्या वहीत ‘गाईचं’ लिहावं, तसं. थोड्याशा मालासाठी वेगळा कारखाना उभारणं परवडत नाही, हे मान्य. मग लेबलवर तसं लिहा ना!

तीन गोष्टी छापा. तयार फोममध्ये पकडलेला कार्बन खरोखर किती, कारखान्याची वीज कुठली, फॉस्जीन वापरला की नाही. फॉस्जीनशिवाय पॉलियुरेथेन बनवण्याचे मार्ग प्रयोगशाळेत आहेत, पण अभिक्रिया मंद आणि बाजार दूर. म्हणजे तिसऱ्या रकान्यात आज बहुतेक गाद्यांना ‘हो’ लिहावं लागेल. लिहू देत.

ग्राहकाला एवढं कळणार नाही, असं कंपन्या म्हणतील. ज्या पोरांना फोनची बॅटरी किती एमएएच आहे हे तोंडपाठ असतं, त्यांच्याबद्दल!